ओरिओल्सची मायनर लीग : तुमच्या मते उठून दिसलेले खेळाडू आणि कोच कोणते?

बाल्टीमोरकर
नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटचे धागे ढिगाने आहेत, बेसबॉलचा एकही दिसला नाही म्हणून मीच काढतोय. मेरीलँड-व्हर्जिनियात आपली इतकी माणसं राहतात आणि उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन बोवीच्या मैदानावर मॅच बघायला जातात, त्यांना तरी यात रस असेल असं वाटतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बाल्टीमोर ओरिओल्स ही मेजर लीगमधली मोठी टीम. तिच्याखाली चार पायऱ्या. सगळ्यात खाली सॉल्सबरीची डेल्मार्वा शोअरबर्ड्स, मग २०२५ पर्यंत अ‍ॅबरडीन, मग डबल ए म्हणजे बोवीची बेसॉक्स, २०२५ पासून तिचं नाव चेसापीक बेसॉक्स झालंय पण आमच्या तोंडी बोवीच बसलंय, आणि वर ट्रिपल ए, नॉरफोक टाइड्स. याच्याही खाली सारासोटाला आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अकॅडम्या आहेत, तिथे १७-१८ वर्षांची पोरं असतात. या सगळ्या जिन्यावरून चढत चढत पोरगा वर येतो, आणि बहुतेक पोरं येतच नाहीत, मधेच कुठल्यातरी पायरीवरून घरी जातात.

आता मुद्दा. कुठेही बघा, चर्चा त्याच तीन-चार नावांची. अ‍ॅडली रचमन २०१९ च्या ड्राफ्टचा (दरवर्षीची नव्या खेळाडूंची निवड, तेव्हा जास्त हरलेल्या टीमला आधी नंबर मिळायचा) पहिला, जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टचा पहिला. चांगलेच आहेत, वादच नाही. पण मला विचाराल तर या सिस्टीममधलं माझं पहिलं नाव सेड्रिक मलिन्स. १३व्या राउंडला घेतलेला. २०१९ ला सीझनच्या पहिल्या दिवशी तो सेंटर फील्डला उभा होता आणि ६४ वेळा बॅटिंग करून त्याला फक्त ६ हिट मिळाल्या, सरासरी .०९४. नॉरफोकला पाठवला, तिथेही जमेना, मग आणखी एक पायरी खाली, बोवीला. मोठ्या टीममधून सहा महिन्यांत दोन पायऱ्या खाली आलेला माणूस मनात काय घेऊन खेळत असेल याचा विचार करा. हा दोन्ही हातांनी बॅटिंग करायचा, २०२१ च्या आधी त्याने ठरवलं की आता फक्त डावखुरा. लहानपणापासूनची अर्धी बॅटिंग सोडून दिली. आणि त्याच वर्षी ३० होमरन आणि ३० बेस चोरले, ओरिओल्सच्या इतिहासात त्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं.

२०१९ चा तो उन्हाळा आम्ही बोवीला बराच घालवला, मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्यामुळे मलिन्स माझा जरा जास्तच जवळचा.

तुमची नावं सांगा. कोचसुद्धा चालतील, किंबहुना कोच हवेतच.

टाइडवॉटर
अरे वा, कुणीतरी काढला हा धागा! आम्ही नॉरफोकलाच राहतो, हार्बर पार्कपासून दहा मिनिटांवर. नदीकाठचं मैदान आहे, बाजूलाच रेल्वे स्टेशन, संध्याकाळी वारा सुटला की जॅकेट घ्यावंच लागतं जूनमध्येसुद्धा.

कोचमध्ये माझं मत डोळे झाकून बक ब्रिटनला. त्याचा भाऊ झॅक ब्रिटन ओरिओल्सचा मोठा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा बॉलर, २०१६ ला ४७ पैकी ४७ सेव्ह. बक मात्र स्वतः मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. ओरिओल्सच्याच मायनर्समध्ये खेळला, मग तिथेच मॅनेजर झाला, आधी डेल्मार्वा, मग बोवी, मग २०२२ पासून २०२४ पर्यंत आमच्याकडे. म्हणजे बघा, आज मोठ्या टीममधले निम्मे लोक त्याच्या हाताखालून गेलेत. तुमचा मलिन्स बोवीला आला तेव्हा मॅनेजर हाच होता.

२०२३ ची टाइड्स म्हणजे काय टीम होती हो. वेस्टबर्ग, काउझर, ऑर्टिझ, नॉर्बी, स्टॉवर्स, मेयो, कर्स्टाड, शेवटी शेवटी हॉलिडे पण. आज आहे तो उद्या वर गेलेला, तरी ९० मॅच जिंकल्या, इंटरनॅशनल लीग जिंकली आणि मग लास वेगासला ओक्लाहोमा सिटीला ७-० हरवून ट्रिपल ए चा राष्ट्रीय किताब. ट्रिपल ए च्या मॅनेजरचं काम अवघड असतं कारण त्याची सगळ्यात चांगली पोरं वर गेली तरच त्याने काम नीट केलं असं म्हणतात, आणि ती वर गेली की मॅच जिंकायची कशी हा प्रश्न त्याचाच. ब्रिटनने दोन्ही केलं. २०२५ ला त्याला मोठ्या टीमच्या स्टाफमध्ये घेतलं तेव्हा आमच्या घरी खरंच आनंद झाला.

सोलकढी
वाचतेय. मला बेसबॉल फार कळत नाही पण जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय त्यामुळे शॉर्टस्टॉप, बेस, स्ट्राइक हे सगळं ओळखीचं आहे. एक विचारायचं होतं, हे ओरिओल म्हणजे आपला हळद्या ना?

बाल्टीमोरकर
@सोलकढी, हळद्या नव्हे पण नाव त्याच्यावरूनच पडलं म्हणायला हरकत नाही. युरोपातल्या ओरिओलसारखे रंग दिसले म्हणून इथल्या पक्ष्यालाही तेच नाव दिलं, कुळ वेगळं. आणि सॉफ्टबॉल खेळलात म्हणजे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं, लिहीत राहा.

@टाइडवॉटर, ब्रिटनला माझंही अनुमोदन.

शिवाजीपार्की
धागा आवडला पण एक विरोधी मत मांडतो, राग नसावा. मायनर लीगचं हे कौतुक आम्ही २०१८ पासून ऐकतोय. २०१८ ला ११५ मॅच हरलो, २०१९ ला १०८, २०२१ ला ११०. दरवेळी काय सांगितलं, थांबा, खालून पोरं येतायत. आली. २०२३ ला १०१ मॅच जिंकलो आणि प्लेऑफमध्ये रेंजर्सनी तीन सरळ मॅचमध्ये घरी पाठवलं. २०२४ ला रॉयल्सनी दोनमध्ये. २०२५ ला ७५-८७, डिव्हिजनमध्ये तळाला, मे महिन्यात मॅनेजरच काढला. मग एवढ्या सगळ्या उठून दिसणाऱ्यांचा उपयोग काय झाला? हॉलिडेचंच घ्या. २०२३ ला एका वर्षात चारही पायऱ्या चढला, .३२३ ची बॅटिंग, देशातला सर्वोत्तम मायनर लीग खेळाडू ठरवला बेसबॉल अमेरिका मासिकाने, आणि एप्रिल २०२४ ला वर आणला तर ३४ पैकी २ हिट. अठरा वेळा स्ट्राइकआउट. खालचे आकडे आणि वरचा खेळ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मुंबईत आम्ही हे खूप बघितलंय, कांगा लीगमध्ये ढिगाने विकेट काढणारे पुढे कुठे गेले कळत नाही.

टाइडवॉटर
@शिवाजीपार्की तुमचे आकडे बरोबर आहेत पण हॉलिडेची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत ना. ३४ पैकी २ झाल्यावर त्याला परत आमच्याकडे पाठवला. वीस वर्षांचं पोरगं, बाप मॅट हॉलिडे एवढा मोठा खेळाडू, सगळ्या देशाचे डोळे. तीन महिने इथे खेळला आणि ३१ जुलैला परत बोलावला, त्या दिवशी मेजर लीगमधला पहिला होमरन मारला तो ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना, उजवीकडून थेट भिंतीपलीकडच्या यूटॉ स्ट्रीटवर. २०२५ ला १७ होमरन. मला तर हेच मायनर लीगचं काम वाटतं. पडलेल्या माणसाला परत उभं राहायला जागा असणं.

आणि दुसरं उदाहरण ट्रेव्हर रॉजर्स. हा तर आपल्या सिस्टीममधला नव्हेच, मायामीहून आणला २०२४ च्या जुलैमध्ये, त्याच्या बदल्यात नॉर्बी आणि स्टॉवर्स दिले. चार मॅच टाकल्या, मार खाल्ला, नॉरफोकला रवानगी. तेव्हा सगळे म्हणत होते फसलो. २०२५ ला परत वर गेला आणि १८ मॅचमध्ये नऊ इनिंगमागे फक्त १.८१ रन दिल्या. तो काय नवीन बॉल शिकून आला, की वेग परत मिळाला, की डोकं शांत झालं, बाहेरून सांगणं कठीण, पण तो खाली होता तेव्हाच्या मॅच मी स्टँडमधून बघितल्यात आणि तिथे दोन-तीन हजार लोकांसमोर त्याने मान खाली घालून काम केलंय एवढं नक्की.

शिवाजीपार्की
रॉजर्सचं मान्य. पण तो सौदा आठवला की पोटात दुखतं, स्टॉवर्स २०२५ ला मायामीकडून ऑल-स्टार झाला. आपणच वाढवलेला मुलगा.

माळरान
मी न्यू जर्सीचा, यँकीजवाला, तरी बोलतो. ओरिओल्सच्या मायनर लीगचं बोलताय आणि स्टीव्ह डॅल्कॉस्कीचं नाव अजून आलं नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनचा पोरगा, १९५७ ते १९६५ मायनर लीगमध्ये खेळला, जवळजवळ सगळा काळ ओरिओल्सकडे. ज्यांनी ज्यांनी त्याला बघितलं ते सगळे सांगतात की एवढा वेगवान बॉल आयुष्यात दुसरा बघितला नाही. किती वेगवान ते कुणालाच सांगता येणार नाही, तेव्हा मोजायची धड साधनंच नव्हती. पण बॉल कुठे जाईल ते त्याला स्वतःलाही माहीत नसायचं. १९६० ला स्टॉकटनला १७० इनिंगमध्ये २६२ स्ट्राइकआउट आणि २६२ वॉक (चार बॉल बाहेर टाकले की बॅट्समन फुकट पहिल्या बेसवर). दोन्ही आकडे सारखे! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापायची चूक वाटली होती.

१९६२ ला तो एल्मायराला गेला, तिथे मॅनेजर होता अर्ल वीव्हर, पुढे ओरिओल्सचा महान मॅनेजर झाला तोच. त्याआधी सगळे कोच डॅल्कॉस्कीला एकामागून एक सूचना देऊन थकले होते, हात असा धर, पाय तसा टाक. वीव्हरने उलटं केलं. त्याच्या लक्षात आलं की या मुलाच्या डोक्यात एका वेळी फार गोष्टी राहत नाहीत, म्हणून त्याने फक्त दोन बॉल ठेवले, सरळ आणि स्लायडर, बाकी सगळं बंद. आणि त्या वर्षी वॉक एकदम कमी झाले. १९६३ च्या मार्चमध्ये मोठ्या टीममध्ये त्याची जागा जवळजवळ पक्की होती आणि सराव मॅचमध्ये कोपर गेलं. त्यानंतर तो वेग परत आला नाही. मेजर लीगमध्ये एकही बॉल टाकला नाही. पुढे दारू, शेतमजुरी, फार हाल झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला.

माझ्या लेखी त्या सिस्टीममधला सगळ्यात उठून दिसणारा खेळाडू तोच, आणि १९६२ चा वीव्हर सगळ्यात उठून दिसणारा कोच. पोराला ओळखून शिकवणं म्हणतात ते हे.

बाल्टीमोरकर
@माळरान, अंगावर काटा आला. डॅल्कॉस्की नाव ऐकून होतो पण वीव्हरचा भाग माहीत नव्हता.

वीव्हरचं नाव निघालं तर कॅल रिपकेन सीनियरलाही घ्यायलाच हवं. लोकांना धाकटा कॅल माहीत, सलग २६३२ मॅच खेळलेला. पण बाप १९६१ पासून १९७४ पर्यंत ओरिओल्सच्या मायनर लीगमध्ये मॅनेजर, दर उन्हाळ्यात नवीन गाव, बायकापोरांना घेऊन. नुसता सराव उपयोगाचा नाही, सराव बिनचूक हवा हा त्याचा धोशा. सगळ्या पायऱ्यांवर एकच पद्धत शिकवायची, कट-ऑफला कुणी उभं राहायचं, बंट आला की कोण धावणार, वरपासून खालपर्यंत सारखं, त्यालाच पुढे ओरिओल वे म्हणायला लागले.

पावभाजी_प्रेमी
धाकट्या कॅलवरून आठवलं, व्यावसायिक बेसबॉलमधली सगळ्यात लांब मॅच पण त्याच्या वाट्याला आली होती, मायनर लीगमध्येच! १९८१, तेव्हा ओरिओल्सची ट्रिपल ए टीम रॉचेस्टर होती. पॉटकेटला १८ एप्रिलला रात्री सुरू झाली, पहाटे चारला ३२ इनिंगनंतर थांबवली तेव्हा स्टँडमध्ये १९ माणसं उरली होती. मग जूनमध्ये उरलेली खेळले आणि ३३व्या इनिंगला १८ मिनिटांत संपली, पॉटकेट ३-२. रिपकेन १३ पैकी २. समोरच्या टीममध्ये वेड बॉग्ज. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. त्या १९ जणांत असायला हवं होतं राव.

सोलकढी
हे सगळं किती छान लिहिताय तुम्ही लोक. एक प्रश्न, या खालच्या पोरांना पगार किती मिळतो? माझ्या भाच्याला इथे बेसबॉलचं वेड लागलंय, ताई काळजीत असते.

टाइडवॉटर
@सोलकढी ताई, आधी फार वाईट होतं. ट्रिपल ए ला वर्षाला १७,५०० डॉलर, खालच्या ए लीगला ११,०००, म्हणजे आपल्या पार्टटाइम पोरांपेक्षा कमी. उन्हाळ्यात एका खोलीत चार-पाच जण गाद्या टाकून झोपायचे, हिवाळ्यात गोदामात नाहीतर पिझ्झा पोचवायचं काम. २०२२ ला युनियन झाली आणि २०२३ च्या मार्चमध्ये करार झाला, त्यात ट्रिपल ए ला ३५,८०० आणि खाली २६,२०० ठरले. राहायची सोय क्लब करतो. अजूनही फार नाही पण पोट भरतं. त्याच सुमारास एक वाईटही झालं, २०२१ पासून सगळ्या देशातल्या संलग्न टीम १२० वर आणल्या, आधी १६० होत्या. किती गावांची टीमच गेली. आपल्या फ्रेडरिकची कीजसुद्धा त्यातच गेली.

बाल्टीमोरकर
फ्रेडरिक २०२६ ला परत येतेय पण! अ‍ॅबरडीनच्या जागी. आमच्या ओळखीची सात-आठ मराठी घरं आहेत तिथे, सगळ्यांनी आत्ताच ठरवून ठेवलंय.

पगाराचं निघालं म्हणून आणखी एक नाव. फेलिक्स बाउटिस्टा. डॉमिनिकनचा, सहा फूट आठ इंच, मायामीने २०१५ ला सोडून दिला, ओरिओल्सनी २०१६ ला घेतला. आणि मग वर्षानुवर्षं खालच्याच पायऱ्या, त्या जुन्या पगारावर. कुणाच्या यादीत नाव नाही. २०२२ ला वर आला तेव्हा २६ वर्षांचा. २०२३ ला ३३ सेव्ह, नऊ इनिंगमागे १.४८ रन, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रिलीव्हर (मधून येऊन बॉल टाकणारा). त्यानंतर कोपराचं ऑपरेशन, मग खांद्याचं, नशीबच बघा. पण पाच-सहा वर्षं कुणी ढुंकून बघत नसताना तो रोज बॉल टाकायला जात होता आणि कुणीतरी कोच रोज त्याच्या शेजारी उभा राहत होता, त्या कोचचं नाव आपल्याला माहीतसुद्धा नाही.

शिवाजीपार्की
@बाल्टीमोरकर बाउटिस्टा या बाबतीत मी तुमच्या बाजूने. जॉन मीन्स पण त्यातलाच, ११व्या राउंडचा, २०२१ च्या मे मध्ये सिअ‍ॅटलला नो-हिटर टाकली, म्हणजे समोरच्यांना एकही हिट नाही, एकच माणूस बेसवर गेला आणि तोही तिसऱ्या स्ट्राइकचा बॉल कॅचरच्या हातून सुटला म्हणून.

पण मग माझं म्हणणं असं की आपण पहिल्या राउंडवाल्यांसाठी एवढे हरलो, वर्षानुवर्षं मुद्दाम वाईट टीम उतरवली, आणि आज इथे प्रेमाने घेतलेली नावं कुठली, १३वा राउंड, ११वा राउंड, दुसऱ्याने सोडून दिलेला. ही मंडळी तर १०० मॅच न हरताही मिळाली असती.

बाल्टीमोरकर
@शिवाजीपार्की, या तुमच्या वाक्यावर मी काल रात्रभर विचार केला. अगदी खरं आहे असं नाही म्हणणार, गनर हेंडरसन दुसऱ्या राउंडला ४२वा होता पण तोही २०१९ च्या त्याच ड्राफ्टमधला, आधीच्या वर्षी एवढे हरलो नसतो तर आपला नंबर आणि पैसा दोन्ही कमी पडले असते. सेल्मा, अलाबामाचं पोरगं, तीन वर्षांत वर, २०२३ चा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, एकमताने. आणि सॅम्युएल बसायोला ड्राफ्टच नाही, डॉमिनिकनमधून २०२१ ला सही घेतली, ऑगस्ट २०२५ ला वर आला आणि आठवड्याभरात आठ वर्षांचा ६ कोटी ७० लाख डॉलरचा करार. २०१८ च्या आधी हा क्लब त्या देशांत फार पैसा टाकतच नव्हता, परदेशी खेळाडू शोधायला कोबी पेरेझला आणल्यावर ते बदललं. हे हरण्याशी नाही, काम करण्याशी बांधलेलं होतं. तेवढं तुमचं पटलं.

कोच का हवेत म्हणत होतो ते सांगतो. २०१९ मध्ये एकदा आम्ही बोवीला फार लवकर पोचलो, फाटकं नुकतीच उघडली होती, मुलाला तिथल्या मेरी-गो-राउंडवर बसायचं होतं पण ते सुरू व्हायचं होतं. म्हणून खाली पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिलो. मैदानावर दोघंच. एक कोच, हातात ती लांब बारीक फंगो बॅट, शेजारी बॉलची बादली, आणि तिसऱ्या बेसकडे एक पोरगा, नाव आजही माहीत नाही. कोच बॉल मारायचा, नेहमी त्याच्या उजव्या हाताला, थोडा लांब, पोरगा उलट्या हाताने पकडून पहिल्या बेसकडे फेकायचा, तिथे नुसती जाळी लावलेली. दहा, वीस, तीस. मी मोजायचं सोडून दिलं. मधेच एक सुटला. कोच काही बोलला नाही, चालत गेला, पोराचा डावा पाय बुटाच्या टोकाने अर्धा वीत मागे सरकवला, पाठीवर थाप मारली आणि परत जाऊन पुढचा बॉल मारला. बादली संपली तेव्हा दोघांनी मिळून सगळे बॉल गोळा केले, कोच वाकताना गुडघ्याला हात लावत होता. मुलगा मला म्हणाला, बाबा ते सर त्याला ओरडले का नाहीत? त्याच वर्षी त्याला शाळेच्या टीममधून काढलं होतं, सगळ्यांसमोर, यादी वाचून. मला उत्तर देता आलं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही अँथम सुरू होईपर्यंत तिथेच उभे राहिलो.

मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. सेकंड बेस खेळतो.

सोलकढी
भाच्याला हा धागा वाचून दाखवला, त्याला मराठी वाचता येत नाही पण ऐकून कळतं. डॅल्कॉस्कीचे २६२ दोनदा विचारून घेतले त्याने.

माळरान
@सोलकढी, त्याला सांगा वॉक कमी करायचे तर आधी दोनच बॉल.

@बाल्टीमोरकर, फ्रेडरिकला जाल तेव्हा मला कळवा, चार तास गाडी चालवून येईन. यँकीजची टोपी घरी ठेवीन.

टाइडवॉटर
आम्ही पण. नेट जॉर्ज खेळताना बघायचाय, २०२४ ला १६व्या राउंडला घेतलेला इलिनॉयचा पोरगा, २०२५ मध्ये एका वर्षात फ्लोरिडापासून अ‍ॅबरडीनपर्यंत आला. सीझनच्या सुरुवातीला तो नेमका कुठे असेल सांगता येत नाही, फ्रेडरिकला असला तर पहिल्या बेसच्या बाजूची तिकिटं काढा, तो पळताना तिथून चांगला दिसेल.

बाल्टीमोरकर
किती जण ते इथेच लिहा, मार्चअखेर तिकिटं काढतो. धपाटे आमच्याकडून.